घड काडीतच ठरतो

ऑक्टोबर लागला की आमच्या दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कात्र्या चालू होतात आणि तिकडे अमेरिकेत बेसबॉलचे प्लेऑफ, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्या. माझं माहेर दिंडोरी तालुक्यातलं. भावाची चार एकर बाग अजून उभी आहे. नाशिकच्या एका शाळेत मी एकतीस वर्षं खेळ शिकवला, त्यात सगळ्यात जास्त मुलींचं सॉफ्टबॉल आणि मध्ये काही वर्षं मुलांचं बेसबॉल. त्यामुळे या महिन्यात माझं अर्धं लक्ष काडीकडे, म्हणजे वेलीच्या फांदीकडे, आणि अर्धं धावफलकाकडे असतं. यंदा पत्रंही त्याच विषयावरची जास्त आली, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते.

प्रश्न : बाई, मी पहाटे साडेचारचा गजर लावून बेसबॉल बघतो. कॅन्सस सिटी रॉयल्स २०२३ मध्ये १६२ पैकी १०६ सामने हरले आणि पुढच्याच वर्षी प्लेऑफमध्ये गेले. एका वर्षात एवढं काय बदलतं? मित्र म्हणतात, नशीब. (अकरावीतला वाचक, सिडको)

उत्तर : खेळात नशिबाचा वाटा असतोच, पण इथे तो थोडा आहे. तुला एक वर्ष दिसलं. त्याच्या मागे पाच वर्षं होती, पण तेव्हा संघ तळाला होता, म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं.

आधी द्राक्षाचं सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. आपल्याकडे बागेला वर्षातून दोन छाटण्या. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. घड डोळ्यांना दिसतो तो ऑक्टोबरच्या छाटणीनंतर. पण तो येणार की नाही, हे एप्रिलनंतरच्या दीड-दोन महिन्यांतच काडीतल्या डोळ्यात ठरून गेलेलं असतं. त्या दिवसांत काडीला ऊन मिळालं नाही, पाणी-खताचं गणित चुकलं, तर ऑक्टोबरमध्ये तुम्ही काहीही फवारा. डोळा फुटतो आणि घडाच्या जागी नुसती बाळी, म्हणजे वेलीचा तंतू, निघते. माझे वडील ऑक्टोबरला बागेत आलेल्या पाहुण्याला म्हणायचे, आता काय बघता, मे महिन्यात यायचं होतं.

बेसबॉलवाले आपल्या खालच्या संघांच्या साखळीला ‘फार्म’ म्हणतात. हे नाव मला फार आवडतं. सेंट लुईस कार्डिनल्सचा कारभार बघणारे ब्रँच रिकी यांनी १९२० च्या दशकात ही साखळी उभी केली. मोठ्या शहरांतल्या संघांशी बोली लावायला त्यांच्याकडे पैसा नव्हता, मग त्यांनी खेळाडू घरच्या घरी तयार करायचं ठरवलं. आज प्रत्येक संघाच्या खाली रुकी, सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए अशा पायऱ्या आहेत. अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा खालच्या पायरीवर शिरतो. वर यायला त्याला तीन, चार, कधी सहा वर्षं लागतात. बहुतेक मुलं वर पोचतच नाहीत.

आता तुझे रॉयल्स. बॉबी विट ज्युनिअर हा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक, त्यांनी २०१९ च्या नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत दुसऱ्या क्रमांकावर घेतला. त्या वर्षी संघ १०३ सामने हरला होता. पुढच्या वर्षी करोनामुळे खालच्या संघांचे सामनेच झाले नाहीत. विट २०२२ मध्ये वर आला. २०२३ मध्ये संघ १०६ सामने हरत होता तेव्हा तो रोज मैदानावर उभा होता, चुकत होता, शिकत होता. २०२४ मध्ये ०.३३२ च्या सरासरीने तो अमेरिकन लीगमध्ये, म्हणजे वरच्या पातळीवरच्या दोन लीगपैकी एकीत, बॅटिंगला पहिला आला. एप्रिलची काडी ती हीच.

दुसरी गोष्ट मला याहून मोलाची वाटते. २०२३ च्या जून अखेरीस रॉयल्सकडे अरोल्डिस चॅपमन होता. ताशी शंभर मैलांनी चेंडू टाकणारा, शेवटच्या इनिंगमध्ये सामना बंद करणारा पिचर. करार एकाच वर्षाचा आणि संघ तळाला. जिंकलेला सामना राखायला असा पिचर ठेवायचा, पण इथे राखायला होतंच काय? रॉयल्सनी त्याला टेक्सास रेंजर्सकडे दिलं आणि बदल्यात कोल रेगन्स नावाचा डावखुरा पिचर घेतला. रेगन्सच्या कोपरावर तोवर दोनदा शस्त्रक्रिया झाली होती. त्याच वर्षी रेंजर्स वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, जिंकले. पुढच्या वर्षी, प्लेऑफच्या पहिल्या सामन्यात, बाल्टिमोरमध्ये, रेगन्सने सहा इनिंग एकही धाव दिली नाही. रॉयल्स १-० ने जिंकले आणि ती एकमेव धाव विटच्या फटक्यावर आली. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती, २ ऑक्टोबरची सुट्टी होती. तूही जागा असशील.

रेंजर्सचं ते ऑक्टोबरचं वर्ष होतं, रॉयल्सचं एप्रिलचं. दोघांनी आपापलं वर्ष ओळखलं, म्हणून एकाच व्यवहारात दोघांचं भलं झालं. संघ बांधणाऱ्याने सगळ्यात आधी हे ओळखावं, असं माझं ठाम मत आहे. बरेच संघ बुडतात ते इथेच. बाग एप्रिलची असते आणि मालक मार्केटचा भाव विचारत बसलेला असतो.

विट आणि रेगन्स हाताशी आहेत हे दिसल्यावर त्या हिवाळ्यात त्यांनी सेथ लुगो आणि मायकेल वाका हे दोन अनुभवी पिचर करारावर घेतले. आधी नाही, तेव्हा. लुगो २०२४ च्या अमेरिकन लीगच्या सर्वोत्तम पिचरच्या मतदानात दुसरा आला. संघाने ८६ सामने जिंकले. २०२२ पासून तीस संघांतले बारा प्लेऑफला जातात, प्रत्येक लीगमधून सहा. तीन गटविजेते आणि उरलेल्यांत सगळ्यात जास्त सामने जिंकलेले तीन, ज्यांना वाइल्ड कार्ड म्हणतात. त्यामुळे ८६ पुरले.

रॉयल्सनी हे पूर्वीही एकदा केलं होतं, आणि मी त्यांची झाले ती तेव्हाच. २००४, २००५ आणि २००६, सलग तीन वर्षं संघ शंभर किंवा त्याहून जास्त सामने हरला. २००६ मध्ये डेटन मूर कारभारी झाले. प्लेऑफ दिसायला २०१४ उजाडलं. मधली आठ वर्षं लोकांनी त्यांना काय काय म्हटलं असेल, ते कुठल्याही प्रशिक्षकाला सांगायला नको. डिसेंबर २०१० मध्ये त्यांनी आपला सर्वोत्तम पिचर झॅक ग्रिंकी मिलवॉकीला दिला. जे चौघे बदल्यात आले त्यांत लोरेन्झो केन आणि अल्सिडेस एस्कोबार होते. पुढे लीगच्या अंतिम फेरीत २०१४ चा सर्वोत्तम खेळाडू केन ठरला आणि २०१५ चा एस्कोबार. कलम लागू झालं की नाही, ते कळायला एवढा वेळ जातो.

त्यांच्यातला अॅलेक्स गॉर्डन मला सगळ्यात जवळचा. २००५ चा दुसऱ्या क्रमांकाचा निवडलेला मुलगा, तिसऱ्या बेसचा. पण जमेना. २०१० मध्ये त्याला खाली ओमाहाच्या ट्रिपल-ए संघात पाठवलं आणि सांगितलं, लेफ्ट फिल्ड, म्हणजे मैदानाची मागची डावी बाजू, शीक. पाच वर्षं ज्याच्याकडून शहर आशा लावून बसलेलं, त्याला परत खालच्या वर्गात बसवण्यासारखंच ते. २०११ मध्ये त्याने त्या जागेवर क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लोव्ह मिळवला. २०१४ च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात शेवटच्या इनिंगला तो तिसऱ्या बेसवर उभा राहिला आणि संघ एका धावेने हरला. २०१५ च्या वर्ल्ड सिरीजच्या पहिल्याच सामन्यात नवव्या इनिंगला बरोबरीचा होमरन त्यानेच मारला.

माझ्याकडे अशीच एक मुलगी होती. पंचवटीतून सायकलवर यायची. तिसऱ्या बेसवर जमिनीलगतचा चेंडू आला की तिची मान आपोआप वळायची, आणि चेंडू पायांमधून जायचा. वडील म्हणाले, बाई, बेसवरून काढू नका, मागे टाकली तर तिला वाटेल शिक्षा केली. आमच्याकडे तेव्हा नऊ मुलींत सहा ग्लोव्ह. इनिंग संपली की ग्लोव्ह जागेवर ठेवून यायचं, समोरच्या संघातली मुलगी तोच घालायची. मी एक ग्लोव्ह फक्त तिच्यासाठी राखला आणि तिला लेफ्ट फिल्डला, कडुलिंबाच्या झाडाजवळ उभी केली. पंधरा दिवसांत लक्षात आलं की ही पोर चेंडू बघून धावतच नाही. बॅटचा आवाज ऐकते आणि धावते. टक्क वाजलं की मागे, थप्प वाजलं की पुढे. पुढची दोन वर्षं तिच्या बाजूला उंच गेलेला चेंडू क्वचितच जमिनीला लागला. खेळाडू तीच होती, फक्त जागा बदलली.

२०१४ चा तो वाइल्ड कार्डचा सामनाही सांगून टाकते. समोर ऑकलंड. नवरात्र चालू होतं, कालिकेच्या यात्रेमुळे मुंबई नाक्याकडची वाट बंद, मी लवकर निघून शाळेत पोचलेली. आठव्या इनिंगला रॉयल्स ७-३ ने मागे होते. मैदानावर मुली सराव करत होत्या आणि मी मोबाईलवर धावफलक बघत होते. त्या दिवशी त्यांनी सात बेस चोरले, म्हणजे फटका नसतानाच पळून पुढचा बेस गाठला. बाराव्या इनिंगला साल्वाडोर पेरेझने तिसऱ्या बेसच्या रेषेलगत चेंडू काढला आणि ९-८. मी मुलींना सराव थांबवायला लावला आणि त्याच ठिकाणी बेस कसा चोरतात ते पुन्हा शिकवलं. पुढच्या वर्षी, २०१५ मध्ये, रॉयल्स वर्ल्ड सिरीज जिंकले.

आणि मग २०१८ मध्ये १०४ सामने हरले. नियमच असा आहे की वरच्या पातळीवर सहा वर्षं भरली की खेळाडू कुठेही जायला मोकळा. २०१७ नंतर केन, हॉस्मर, मुस्टाकस हे त्या विजेत्या संघातले तिघे एकदमच मोकळे झाले. एकाच वेळी लावलेली बाग एकाच वेळी म्हातारी होते. माझ्या भावाने त्यावरून धडा घेऊन एकेक एकर वेगवेगळ्या वर्षी लावलाय.

प्रश्न : तुम्ही काहीही म्हणा, हा खेळ पैशाचा आहे. लॉस एंजेलिस डॉजर्सनी शोहेई ओटानीला ७० कोटी डॉलर दिले आणि जिंकले. बाकीच्यांनी उगाच कष्ट कशाला करायचे? (द्राक्ष बागायतदार, पिंपळगाव बसवंत)

उत्तर : दादा, तुमच्या पहिल्या वाक्यात तथ्य आहे. बेसबॉलमध्ये पगारावर पक्की मर्यादा नाही, ठरलेल्या रकमेच्या वर गेलात तर दंडासारखा कर भरायचा, एवढंच. डॉजर्सनी डिसेंबर २०२३ मध्ये ओटानीशी दहा वर्षांचा करार केला आणि २०२४, २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षं वर्ल्ड सिरीज जिंकली. त्या करारातले वर्षाला ६ कोटी ८० लाख डॉलर तर पुढे ढकललेले आहेत, आत्ता हातात वर्षाला २० लाखच. असा करार झेपणारे संघ थोडेच.

पण त्याच्या आदल्या वर्षीचं, २०२३ चं, न्यूयॉर्क मेट्सचं बघा. त्यांचा पगार तोवरच्या इतिहासात सगळ्यात मोठा. मॅक्स शर्झर आणि जस्टिन व्हर्लँडर हे दोन पिचर, दोघांनाही वर्षाला ४ कोटी ३० लाख डॉलरच्या वर. दोघेही असामान्य, आणि दोघांचंही वय चाळिशीच्या आसपास. मार्चमध्ये एडविन डियाझ, त्यांचा शेवटच्या इनिंगचा पिचर, देशासाठी जिंकल्याच्या आनंदात उड्या मारताना गुडघा दुखावून वर्षभरासाठी गेला. जुलै अखेर ते १ ऑगस्ट, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपायच्या आत, शर्झर आणि व्हर्लँडर दोघांनाही देऊन टाकावं लागलं. ७५ जिंकले, ८७ हरले, प्लेऑफ नाही.

तुम्ही बागायतदार आहात, तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं कळेल. दुसऱ्याची तयार बाग विकत घेतली तर पहिल्याच वर्षी माल निघतो, पण वेलीचं वयही पदरात येतं. मोकळा झालेला खेळाडू बहुधा तिशीच्या आसपास असतो. त्याने मागे जे केलं त्याचे पैसे तुम्ही पुढच्या वर्षांसाठी मोजता.

डॉजर्सचं वेगळेपण फक्त तिजोरीत नाही. मॅक्स मन्सीला ऑकलंडने २०१७ च्या सुरुवातीला सोडून दिलं होतं. त्याला डॉजर्सनी खालच्या संघाच्या करारावर घेतलं आणि तो त्यांचा वर्षानुवर्षांचा होमरन मारणारा झाला. त्याआधी जस्टिन टर्नरही तसाच, मेट्सनी नको म्हटलेला. खरं सांगायचं तर पैशाचा मोठा उपयोग चूक पोटात घालायला होतो. श्रीमंत संघाचा एक करार फसला तर तो दुसरा करतो. गरीब संघाचा फसला तर पाच वर्षं जातात.

गरिबाने काय करावं, हे ऑकलंडने २००२ मध्ये दाखवलं. जेसन जिआंबी, जॉनी डेमन आणि जेसन इझरिंगहाउझेन, त्यांचे तीन मोठे खेळाडू एकाच हिवाळ्यात गेले. पगाराचं अंदाजपत्रक ४ कोटी डॉलरच्या आसपास, न्यूयॉर्क यँकीजचं त्याच्या तिपटीहून जास्त. संघाचे कारभारी बिली बीन यांनी जिआंबीसारखा दुसरा शोधला नाही, कारण परवडणारच नव्हता. त्यांनी बाजारात काय स्वस्त आहे ते बघितलं. त्या काळी सगळे बॅटिंगच्या सरासरीला भाव द्यायचे. चार बॉल, म्हणजे बाहेरचे चेंडू, सोडून शांतपणे पहिल्या बेसवर चालत जाणाऱ्याला भाव नव्हता. पण बेसवर पोचलेला माणूस चालत गेला की फटका मारून गेला, धावफलकाला काय फरक पडतो? स्कॉट हॅटबर्ग कॅचर, म्हणजे पिचरचे चेंडू मागे झेलणारा, होता, कोपराच्या दुखण्याने त्याला फेकता येईना. त्याला पहिल्या बेसवर उभं केलं, कारण तो बेसवर पोचायचा. संघाने ओळीने वीस सामने जिंकले. विसाव्यात ११-० ची आघाडी घालवून ११-११ झाले होते. शेवटच्या इनिंगला होमरन मारला तो हॅटबर्गने. एकूण १०३ विजय. अर्थात झिटो, मल्डर आणि हडसन हे तीन तरणे पिचर त्यांच्या स्वतःच्या फार्ममधले होते, हे लोक सांगायला विसरतात. ती एप्रिलची कमाई होती.

त्या ऑकलंडचं मैदान २०२४ नंतर रिकामं झालं, संघ गाव सोडून गेला. ते मला अजून पचलेलं नाही. बांधणाऱ्यांनी सगळं नीट करूनही मालकाच्या मनात नसेल तर संघ टिकत नाही.

प्रश्न : धावांवरून विजय मोजायचं काही सूत्र आहे म्हणे. वर्गात मुलांना दाखवण्याजोगं आहे का? (गणित शिक्षक, येवला)

उत्तर : नक्की दाखवा, सर. हे सूत्र बिल जेम्स यांचं. कॅन्ससमध्ये डबाबंद खाद्यपदार्थांच्या कारखान्यात ते रात्रपाळीला रखवाली करायचे आणि त्या निवांत वेळात बेसबॉलचे आकडे मांडायचे. केलेल्या धावांचा वर्ग, भागिले केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज. वर्गांची बेरीज आली म्हणून त्याला पायथागोरसचं नाव चिकटलं.

७०० केल्या आणि ७०० दिल्या तर उत्तर निम्मं, म्हणजे १६२ पैकी ८१ विजय. ८०० केल्या, ७०० दिल्या तर ६,४०,००० भागिले ११,३०,०००. साधारण ०.५६६. गुणिले १६२ केलं की जवळजवळ ९२ विजय. शंभर धावांचे अकरा, म्हणजे ढोबळमानाने नऊ-दहा धावांना एक विजय.

आता मुलांना हे करायला सांगा. ७२० केल्या, ६८० दिल्या. उत्तर येतं साधारण ८६. मधल्या ८१ च्या संघाने वीस धावा जास्त करायच्या आणि वीस वाचवायच्या, की वाइल्ड कार्डच्या शर्यतीत. अख्ख्या हंगामात वीस! आठ सामन्यांत एकाहूनही कमी. त्या वाचतात कुठे? माझ्या लेफ्ट फिल्डच्या मुलीकडे. टाम्पा बे रेज २००७ मध्ये ६६ सामने जिंकले होते आणि २००८ मध्ये ९७, त्यात क्षेत्ररक्षणाची सुधारणा फार मोठी होती. धाव वाचवली की टाळ्या पडत नाहीत, पण सूत्राला दोन्ही सारख्याच.

प्रश्न : संघ मुद्दाम हरतात, म्हणजे पुढच्या वर्षी चांगला मुलगा निवडायला मिळतो, हे खरं का? तुम्हाला पटतं का? (वाचक, नाशिक रोड)

उत्तर : खरं आहे, आणि मला पटत नाही.

मुद्दाम म्हणजे मैदानावरचा मुलगा मुद्दाम हरत नाही. तो जीव तोडून खेळतो. कारभारी जिंकण्याजोगा संघ उतरवतच नाहीत. ह्यूस्टन ॲस्ट्रोज २०११, २०१२ आणि २०१३ मध्ये १०६, १०७ आणि १११ सामने हरले आणि २०१७ मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकले, म्हणून सगळे त्यांचा दाखला देतात. पण तीन वर्षं लागोपाठ पहिल्या क्रमांकाची निवड मिळून काय झालं? २०१२ चा कार्लोस कोरेया घडला. २०१३ चा मार्क अपेल त्यांच्यासाठी वरच्या पातळीवर एकही चेंडू टाकू शकला नाही. २०१४ च्या ब्रेडी एकनशी करारच झाला नाही. तिघांत एक. आणि त्या संघाचा प्राण असलेला होझे अल्टुव्हे हरण्याची वर्षं यायच्या आधीच, २००७ मध्ये, व्हेनेझुएलातून १५,००० डॉलरला घेतलेला. उंची पाच फूट सहा इंच. चाचणीला आला तर बुटका म्हणून परत पाठवलेला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. पुढे त्याच संघाने कॅमेऱ्याने समोरच्या कॅचरच्या खुणा चोरल्याचं उघड झालं. त्या विजेतेपदाचा दाखला देताना मुलांसमोर मी अडखळते, ते त्यामुळे.

आता २०२३ पासून निवडीचे पहिले सहा क्रमांक चिठ्ठ्यांनी ठरतात. शिकागो व्हाइट सॉक्स २०२४ मध्ये १२१ सामने हरले आणि नियमांमुळे २०२५ मध्ये त्यांची पाळी दहावी आली. हा बदल चांगला झाला.

खरड छाटणी आणि बाग वाळवणं यांत फरक आहे. छाटणीनंतर तुम्ही रोज बागेत जाता. हरणाऱ्या संघात तुमचा विट रोज शिकत असेल तर हरणं सोसावं. कुणीच शिकत नसेल तर त्या मुलांच्या अंगात नुसतं हरणं मुरतं. मी हरलेल्या संघांबरोबर बसने परत आले आहे. तो शांतपणा फार जड असतो.

प्रश्न : मॅडम, माझा मुलगा आठवीत आहे, शाळेच्या बेसबॉल संघाचा पिचर. प्रत्येक सामना त्यालाच टाकायला लावतात, कारण ‘त्याच्याशिवाय संघ नाही’. आता त्याचं कोपर दुखतंय. सामने तोंडावर आहेत. काढून घेऊ का? (आई, इंदिरानगर)

उत्तर : ताई, तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी तुम्हाला उत्तर धाडलंय. इथे छापतेय ते बाकीच्या आयांसाठी आणि प्रशिक्षकांसाठी.

माझ्या हातून हे घडलं आहे. जिल्ह्याचे सामने, दोन दिवसांत तीन. एकच मुलगा चांगला टाकायचा, मी तिन्ही त्यालाच दिले. त्याने तोंडातून अवाक्षर काढलं नाही. तिसऱ्या सामन्यात पाण्याची बाटली त्याने डाव्या हाताने उचलली, झाकण दातांनी उघडलं, तेव्हा मला कळलं. आम्ही तो सामना जिंकलो. त्या मुलाने नंतर पुन्हा पिचिंग केलं नाही.

अमेरिकेत मेजर लीगनेच, म्हणजे बेसबॉलच्या सगळ्यात वरच्या स्पर्धेनेच, मुलांसाठी मर्यादा घालून दिल्या आहेत. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला एका दिवसात जास्तीत जास्त ९५ चेंडू. आणि चौदा वर्षांपर्यंतच्या कुणीही ६६ किंवा त्याहून जास्त टाकले तर पुढे चार दिवस पूर्ण विश्रांती. ५१ ते ६५ टाकले तर तीन दिवस, ३६ ते ५० ला दोन, २१ ते ३५ ला एक. पिचिंग करणाऱ्यालाच त्या दिवशी कॅचर करायचं नाही. दुखत असेल तर आकडे बघायचेच नाहीत, थांबायचं. कोपराच्या आतल्या बाजूचा बंध तुटला तर १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरवर पहिल्यांदा केली ती शस्त्रक्रिया करावी लागते, आणि परत यायला वर्ष-दीड वर्ष जातं. वर ज्या रेगन्सचं सांगितलं, त्याने ते दोनदा सोसलं आहे. त्याच्यामागे डॉक्टरांची फौज होती.

तुमच्या सरांना माझ्या नावाने सांगा, त्याच्याशिवाय संघ नाही हे वाक्य त्या मुलाचं कौतुक नाही. संघ अजून बांधलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. मेजर लीगचे संघ पाच-पाच पिचरना आळीपाळीने सुरुवात करायला लावतात आणि मागे सात-आठ जण तयार ठेवतात. शाळेत तेवढे नसतील, पण तीन घडवता येतात. शॉर्टस्टॉपचा हात बहुधा चांगला असतो, त्याला पंधरा दिवस रोज तीस चेंडू टाकायला लावा. लेफ्ट फिल्डवाल्याला बघा. सामना हरलात तरी चालेल, हे तुमचं एप्रिल आहे.

मुलाला संघातून काढू नका. पहिल्या बेसवर उभं राहू दे किंवा वही धरू दे. शंभर पानी वही घ्या, प्रत्येक पिचरच्या नावाचं एक पान, प्रत्येक चेंडूला एक उभी रेघ आणि पाचवी आडवी, दर इनिंगला बेरीज. हे काम त्यालाच द्या, तो ते सगळ्यांत चोख करेल. आणि हाडांच्या डॉक्टरांना या आठवड्यातच दाखवा. ते हो म्हणेपर्यंत एकही चेंडू नाही, घराच्या गच्चीवरसुद्धा.